तिसऱ्या कोटेशनची वाट पाहताना

आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीत अजूनही कुणी ना कुणी मला जिन्यात गाठतं आणि विचारतं, "काका, ती नव्या पद्धतीची लस चांगली की जुन्या?" फ्लूची असो, नागिणीची असो, चौकशी माझ्याकडेच होते. त्याचं कारण असं की करोनाच्या काळात मी या विषयावर एक तक्ता करून लिफ्टमध्ये चिकटवला होता. तक्ता उत्तम होता. फक्त तो करणारा माणूस पुढच्याच आठवड्यात त्याच लिफ्टमधून रुग्णवाहिकेकडे निघाला, आणि सोबत त्याची बायकोही होती.

म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या घरी आजारपण चालू आहे, किंवा जे अजून 'बघू, थांबू' करताहेत, त्यांना थोडा उपयोग झाला तर बरं. निदान हसू तरी येईल. मी त्या दिवसांत हसत नव्हतो, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

भांडार शाखेतला माणूस

मी चौतीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत होतो. टाचणीपासून टेबलफॅनपर्यंत काहीही घ्यायचं म्हटलं की तीन दुकानदारांकडून कोटेशन मागवायचं, तिन्ही शेजारी मांडून तुलनात्मक तक्ता करायचा, खाली शेरा लिहायचा आणि फाइल वर पाठवायची, हे माझं काम. दोनच कोटेशनं आली तर फाइल परत यायची. एका उन्हाळ्यात पंख्यांचं तिसरं कोटेशन जुलैत आलं. तोवर सगळं ऑफिस घामाने निथळलं, पण मला कुणी दोष दिला नाही, कारण नियमाने सगळं बरोबर होतं.

निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. मिक्सर घ्यायचा तर पनवेलातली तीन दुकानं. गॅसची शेगडी दुरुस्त करायची तर तीन माणसं येऊन बघून जाणार, आणि तोवर आम्ही एकाच बर्नरवर स्वयंपाक करणार. सुनंदा, म्हणजे माझी बायको, हे सगळं लग्न झाल्यापासून बघत आली आहे. ती घरी ब्लाउज शिवते. आमच्या हॉलचा अर्धा भाग तिच्या मशीनचा, अर्धा माझ्या फाइलींचा. तिचं गिऱ्हाईक आलेलं असताना मी कापडाबद्दल मत द्यायचं नाही, असा घरात नियम आहे. तो तिने केलेला आहे.

तर लस आली. आमच्या वयाच्या लोकांना मिळू लागली. आपल्याकडे तेव्हा दोन प्रकारच्या मिळत होत्या. आमची मुलगी ऋचा अमेरिकेत असते. तिने फोनवर सांगितलं की तिने तिसऱ्याच प्रकारची घेतली, एमआरएनए नावाची. एवढं ऐकलं आणि माझ्या डोक्यात फाइल उघडली. दोन कोटेशनं हातात आहेत, तिसरं परदेशातून यायचंय.

ऋचा म्हणाली होती, "बाबा, इथे जी मिळाली ती आम्ही घेतली. तिथे जी मिळेल ती तुम्ही घ्या." यातलं पहिलं वाक्य मी लिहून घेतलं.

आठ दिवस खपून मी तीन रकान्यांचा तक्ता केला. पहिल्या रकान्यात जुनी पद्धत: विषाणू वाढवायचा, मारायचा, आणि मेलेला विषाणू शरीराला दाखवायचा. दुसऱ्यात, निरुपद्रवी करून ठेवलेल्या भलत्याच एका विषाणूच्या पोटातून करोनाच्या एका तुकड्याची माहिती आत पाठवायची. तिसऱ्यात एमआरएनए: विषाणू नाहीच, नुसता लेखी निरोप, चरबीच्या बारीक थेंबात गुंडाळलेला. पेशी निरोप वाचून तो तुकडा स्वतः बनवते, शरीर तुकडा ओळखायला शिकतं, आणि निरोप काही दिवसांत विरून जातो. साठवणुकीच्या ओळीत लिहिलं, पहिल्या दोन साध्या फ्रिजमध्ये, तिसरीला कडाक्याची थंडी. सगळ्यांत खाली शेरा: 'तिसऱ्या पर्यायाची प्रतीक्षा करणे इष्ट.' त्याखाली सही आणि तारीख.

सुनंदाने तक्ता वाचला आणि विचारलं, "ही तिसरी आपल्याकडे कधी येणार?"

"ते कुठे दिलेलं नाही," मी म्हणालो.

तिने शेजारणीकडून माझ्या मोबाइलवर आम्हा दोघांचा नंबर लावून घेतला. जवळच्या शाळेत केंद्र होतं, परवाची सकाळी दहाची वेळ मिळाली. त्या दुपारी ती एका बाईंचं माप घेत होती. मी गॅलरीत गेलो आणि दोघांचेही नंबर रद्द केले. तिला सांगितलं की केंद्रावरचा साठा संपला म्हणून आपोआप रद्द झाले. तेव्हा साठा खरोखरच रोज कुठे ना कुठे संपत होता, त्यामुळे तिने विश्वास ठेवला. एवढं साधं वाक्य लिहायलाही मला अजून जड जातं.

जळलेली सुकट

आमचं निदान कुठल्याही डॉक्टरच्या आधी वरच्या मजल्यावरच्या कामतबाईंनी केलं. सुनंदाने तव्यावर सुकट भाजायला टाकली होती आणि ती हॉलमध्ये येऊन बसली. आम्ही दोघं टीव्ही बघत होतो. तेवढ्यात कामतबाईंचा फोन आला, "अहो, तुमच्याकडे काही जळतंय का? आम्हाला इथे बसवत नाही." आम्ही स्वयंपाकघरात गेलो तर धूर छताला लागलेला, सुकटीचा कोळसा झालेला, आणि आमच्या दोघांच्याही नाकांना त्याचा पत्ता नाही.

सुनंदाने तवा उचलून अगदी नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं. मीही वास घेतला. आमच्या संसारात आमचं इतकं एकमत क्वचित झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आले. दोघंही पॉझिटिव्ह. सांगायला लाज वाटते, पण मी पहिलं वाक्य बोललो ते असं: "दुसऱ्या लॅबमधून एकदा करून घेऊ या."

"आणि तिसऱ्या?" सुनंदा म्हणाली.

चार दिवस घरीच काढले. काढा, वाफ, आणि दर तासाला बोटाला लावायचा तो चिमटा. पाचव्या दिवशी माझा ऑक्सिजनचा आकडा एक्क्याण्णव झाला, तिचा नव्वद. फोनवर डॉक्टर म्हणाले, आता वाट बघू नका. रुग्णवाहिका आली. वरपासून खालपर्यंत प्लास्टिकच्या पोशाखात असलेला एक माणूस आम्हाला न्यायला वर आला. आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरलो. समोरच तक्ता.

तो माणूस चार मजले खाली जाईपर्यंत शांतपणे वाचत होता. मग म्हणाला, "कोणी लिवलंय हे? लय बेस समजावलंय."

"यांनी," सुनंदा मास्कच्या आतून म्हणाली.

"अरे वा! मग काका, तुमी कुटली घेतली?"

तेवढ्यात तळमजला आला म्हणून मी वाचलो.

दुसरा मजला, तिसरा मजला

हॉस्पिटलमध्ये पुरुष दुसऱ्या मजल्यावर आणि बायका तिसऱ्यावर. आमच्यात एक स्लॅब होता, पण जिना बंद होता. मधला सगळा संसार फोनवर.

दिवस असा जायचा. पहाटे कुणीतरी रक्त काढून न्यायचं. मग चहा, ज्याला चव नव्हती. मग उपमा, ज्यालाही नव्हती. एक गोष्ट बरी झाली, जेवणाबद्दल वॉर्डात कुणाची तक्रार नव्हती. मग डॉक्टर मॅडम यायच्या आणि सगळ्यांना पालथं झोपायला लावायच्या. बारा मोठी माणसं दुपारभर पालथी पडलेली, तोंडं उशीत. सुनंदाने फोनवर विचारलं, "काय करताय?" मी सांगितलं, "बालवाडीत आहे."

माझ्या शेजारच्या खाटेवर रोडपालीचे बाळारामशेठ होते. पासष्टीचे, भारी अंगाचे, गळ्यात जाड सोन्याची चेन. ती काढून ठेवा म्हणून सिस्टरने तीनदा सांगितलं होतं. त्यांची बायको हिराबाई वरच्या मजल्यावर सुनंदाच्या शेजारच्या खाटेवर होती, त्यामुळे आमची ओळख लगेच जमली.

"तुमी कुटली घेतली, साहेब?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही घेतली. तुलना चालू होती."

"कसली तुलना?"

मी तक्ता तोंडी सांगितला. त्यांनी मास्क नीट करत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मना त्या पोरीनं इचारलं, काका, कुटली पायजे? मी बोललो, ताजी हाय ती दे."

"पण मग घेऊनही तुम्ही आजारी कसे पडलात?"

"घेतली त्या दिशी सोमवार. गुरवारी पुतन्याची हलद व्हती."

"हळदीला परवानगी होती?"

"पन्नास मानसांची व्हती."

"आणि आली किती?"

बाळारामशेठ माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "साहेब, पन्नास तं आमचे घरातच हायेत."

गोळ्या वाटणाऱ्या सिस्टरने हे ऐकलं आणि तिथल्या तिथे दोघांची शाळा घेतली. पहिल्या डोसनंतर शरीराला तयारी करायला दोन-तीन आठवडे लागतात. टोचून घेतली म्हणजे त्याच आठवड्यात हळदीत नाचायचं असं नसतं. बाळारामशेठ म्हणाले, "नाचलो नाय, मी बसूनच व्हतो." तरी त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बरा होता, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मनातच कशाला, कागदावरही. तिसऱ्या दिवशी मी टिश्यूच्या खोक्याच्या मागच्या बाजूला बाराही खाटांचे ऑक्सिजनचे आकडे सकाळ-संध्याकाळ लिहायला लागलो. शेवटी एक रकाना 'शेरा' म्हणून. सिस्टरच्या हाती खोकं लागलं तेव्हा माझ्या नावापुढे मी स्वतःच 'समाधानकारक' असं लिहिलेलं होतं. तिने माझं पेन जप्त केलं.

एका बाहीची चिठ्ठी

संध्याकाळी पाचला चहा झाला की मी वर फोन लावायचो. एका संध्याकाळी वरच्या वॉर्डात वाद चालू होता. कुणाच्या तरी मोबाइलवर आलं होतं की ती अमेरिकेतली नवी लस आत काहीतरी लिहून ठेवते आणि त्याने माणूस मुळातून बदलतो. हिराबाई घाबरल्या होत्या. त्यांचा भाचा परदेशात नोकरीला होता आणि त्याने तीच घेतली होती.

सुनंदाला बोलताना धाप लागत होती, पण ती थांबत थांबत बोलत होती. फोन कानाला लावून मी ऐकत राहिलो.

"हिराबाई, चोर आहे असं समजा. आपल्या वॉचमनला तो ओळखता आला पाहिजे. जुन्या पद्धतीत चोराचा अख्खा शर्ट आणून वॉचमनला दाखवतात. आत चोर नाही. नुसता शर्ट. तो काय करणार?"

"काय नाय करनार."

"नव्या पद्धतीत शर्ट आणतच नाहीत. माझ्याकडे काही बायका मापाचा जुना ब्लाउज आणून देतात. काही नुसती मापं कळवतात, मी चिठ्ठीवर लिहून घेते. ही लस म्हणजे तशी चिठ्ठी. त्या शर्टाच्या एका बाहीची मापं, बस. आपल्या आतला शिंपी ती बाही शिवतो आणि बाहेर टांगतो. वॉचमन बघून ठेवतो. उद्या तसल्या बाहीचा कुणी आला की धरलाच."

"आन ती चिठ्ठी? ती आत रातेय ना?"

"चिठ्ठी चिंध्यांच्या पिशवीत जाते. माझ्याकडे कुठली जुनी चिठ्ठी सापडते? आणि आपली स्वतःच्या मापांची वही कपाटात, कुलपात असते. चिठ्ठी मशीनपर्यंतच येते. तिला कपाटाकडे कुणी नेत नाही."

पलीकडून आणखी एका बाईंचा आवाज आला, मग इतक्या घाईत कशी तयार केली?

"शर्ट जमवायला वेळ लागतो, चिठ्ठी लिहायला लागत नाही. पण लिहिणारा आधी वीस-वीस वर्षं शिकलेला असतो," सुनंदा म्हणाली. मग तिला खोकला आला. थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "आपल्याकडच्या दोन लसींपैकी एकीत शर्ट आणतात. दुसरीत मापंच पाठवतात, फक्त भलत्याच कुणा गरीब माणसाच्या हाती."

"मंग भारी कुटली?" हिराबाईंनी विचारलं.

"वॉचमनला चोर ओळखता आला की झालं. फक्त चोर यायच्या आधी दाखवायला पाहिजे."

माझा तक्ता आठ दिवसांचा होता. हिचं सगळं शिकवून पाच मिनिटांत झालं, तेही नाकात ऑक्सिजनची नळी असताना. मला अभिमान वाटला. पण तिचं शेवटचं वाक्य मला लागलं. ती ते मला लावून बोलली नव्हती, तिला तर खरं काय ते माहीतही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

स्पीकरवर

दुसऱ्या दिवशी तिचा आकडा खाली आला. नाकातली नळी जाऊन तोंडावर मोठा मास्क आला. सिस्टर म्हणाली, आज-उद्या आयसीयूत न्यावं लागेल. मी ठरवलं, तिला आता सांगून टाकायचं. तिला काही झालं आणि ते खोटं माझ्याकडेच राहिलं तर मी त्याचं काय करणार होतो?

पाचला फोन लावला. "सुनंदा, मला तुला एक सांगायचंय. तो लसीचा नंबर आपोआप रद्द झाला नव्हता. मी केला होता."

पलीकडून हिराबाई म्हणाल्या, "भावजी, तिचे हाताला सलाइन हाय. फोन मी धरलाय. स्पीकरवर हाय."

म्हणजे सगळा वॉर्ड ऐकत होता. आता फोन ठेवणंही शक्य नव्हतं.

"का?" हा सुनंदाचा आवाज, मास्कच्या आतून.

"ते तिसरं कोटेशन यायचं होतं ना..."

"अहो. का?"

आणि मग मी सांगितलं. जे मी स्वतःशीही कधी नीट बोललो नव्हतो ते बारा बायकांसमोर सांगितलं. ऋचा दोन वर्षांची असताना सुनंदाला ताप आला होता आणि मी तिला एका दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊन टाकू का? मी म्हणालो, द्या. दोन मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, ती श्वास घेऊ शकेना. मी कडेवर ऋचाला घेऊन भिंतीला टेकून उभा होतो. डॉक्टरांनी धावपळ करून तिला वाचवलं. घरी आल्यावर ती आठवड्यात ते विसरली. मी विसरलो नाही.

"मला पुन्हा 'द्या' म्हणायचं नव्हतं," मी म्हणालो. "तीन कोटेशनं असली की कुणा एकट्यावर येत नाही. म्हणून थांबलो. मला भीती वाटत होती."

वरच्या मजल्यावर कुणीतरी नाक ओढलं. खाली बाळारामशेठ पालथं झोपायचं सोडून उठून बसले होते.

"घाबरलो म्हणायला," सुनंदा म्हणाली, मग श्वास, "कोटेशन लागतं का हो?"

"लागत नाय!" हिराबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "आवो, बायकोला बोलाचं, आपून दोगांनी मिलून घाबरलो असतो! तिला घेऊन गेलं असतं, डॉक्टरला सांगितलं असतं, आसं आसं झालतं..." मग सुनंदा हसली की खोकली ते मला कळलं नाही. दोन्ही एकदम असावं. सिस्टरचा रागावलेला आवाज आला आणि फोन बंद झाला.

तासाभराने तिला आयसीयूत हलवलं. तिने मला माफ केलं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

चार दिवस

आयसीयूत फोन नव्हता. सिस्टर सकाळी एक आकडा सांगायची आणि संध्याकाळी एक. पेन परत मिळालं होतं, पण मी काही लिहीत नव्हतो. ऋचा तिकडून रोज विचारायची, आई कशी आहे, आणि मी म्हणायचो, तशीच. तिला विमान मिळत नव्हतं. ती रडली की मी तिला समजावायचो आणि फोन ठेवला की उशीत तोंड घालायचो. पालथं झोपायचंच होतं, त्यामुळे कुणाला शंका येत नसे.

बाळारामशेठ एका सकाळी म्हणाले, "साहेब, आमचे गावदेवीला नारल बोललोय तुमचे बायकोसाठी. तुमाला इचारलं नाय. तुमी तीन देव बगत बसला असता."

मी त्यांचा हात धरला आणि रडलो. त्यांनी पाठीवर थोपटलं, जरा जास्तच जोरात.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर मॅडम माझ्या खाटेजवळ आल्या. सुनंदाला एक औषध इंजेक्शनने सुरू करायचं होतं. "तुम्ही भरतीच्या वेळी लिहून दिलंय की त्यांना पूर्वी इंजेक्शनची गंभीर रिअ‍ॅक्शन आली होती. हे औषध त्या जातीचं नाही. आम्ही शेजारी उभे राहू, सगळी तयारी ठेवून. पण धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. देऊ का?"

माझ्या डोक्यात सवयीने प्रश्न आला, दुसरं कुठलं औषध आहे का, आणि तिसरं? तो तोंडापर्यंत आलाही. बाळारामशेठ माझ्याकडे बघत होते.

"मला खूप भीती वाटतेय," मी डॉक्टरांना म्हणालो. "द्या."

त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. पुढचा तासभर मी जिन्याकडे बघत बसलो. शेवटी सिस्टर आली आणि लांबूनच अंगठा दाखवला. रिअ‍ॅक्शन नव्हती. त्या औषधाने बरी झाली की कशाने, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरही ठामपणे सांगत नव्हते. पण पाचव्या दिवशी तिला वॉर्डात परत आणलं, आणि हिराबाईंनी सगळ्यांत आधी बाळारामशेठना फोन करून इतक्या मोठ्याने सांगितलं की मला ते फोनशिवायही ऐकू आलं असतं.

घरी

आम्ही एकाच दिवशी घरी आलो. रिक्षात ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भीती वाटली ते ठीक आहे. खोटं बोललात ते मी विसरणार नाही."

"बरं," मी म्हणालो.

"सांगून ठेवते."

"बरं."

लिफ्टमध्ये तक्ता होताच. सेक्रेटरीने लोकांच्या सोयीसाठी तो मध्यंतरी लॅमिनेट करून घेतला होता. मी घरातून कात्री आणून तो काढला. सुनंदा म्हणाली, कापडाची कात्री कागदाला लावू नका. तेव्हा मला वाटलं की ही आता खरोखर घरी आली.

वर्षभराने वगैरे वाचलं की एमआरएनए पद्धतीची लस आपल्या देशातही तयार झाली. म्हणजे माझं तिसरं कोटेशन खरंच आलं. जिन्यात विचारणाऱ्यांना मी आता बाहीची गोष्ट सांगतो, सुनंदाचं नाव घेऊन. आणि एवढंच जोडतो की पूर्वी कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा, घरात लपवून बसू नका.

मधली गोष्ट सांगायची राहिली. लसीसाठी आजारानंतर तीन महिने थांबायला सांगितलं होतं. तीन महिने झाले तशी तिने पुन्हा नंबर लावला. यावेळी तिने तो माझ्या मोबाइलवर येऊ दिला नाही.

शाळेत गेलो. वर्गातली बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर बाण काढून रांग दाखवलेली. त्या दिवशी एकाच प्रकारची लस होती, कुठली ते मी विचारलं नाही. आधी आत बसलेल्या डॉक्टरांना सगळी जुनी हकीकत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कुठलं औषध होतं, किती वेळात झालं ते विचारलं, आणि म्हणाले, घ्यायला हरकत नाही, पण नंतर बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ इथेच बसायचं. सुई हातात घेतलेल्या सिस्टरने माझ्याकडे बघून विचारलं, "देऊ ना?"

"मला विचारा," सुनंदा म्हणाली. "द्या."

मग माझा नंबर झाला आणि आम्ही पलीकडच्या वर्गात मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. मग हातांकडे, मग मानेकडे, मग परत ओठांकडे.

"असं काय बघताय? लोक बघताहेत," ती म्हणाली.

"भीती वाटतेय."

तिने मास्क हनुवटीखाली ओढला, मला चेहरा नीट दिसावा म्हणून, आणि खिडकीबाहेर बघत बसून राहिली.

तास झाल्यावर सिस्टर येऊन म्हणाली, "झाला वेळ, काही त्रास नाही ना? निघा आता."

सुनंदा उठली, पदर सारखा केला, पिशवी घेतली. मी तसाच बसून होतो.

"अजून पाच मिनिटं बसू या का?" मी विचारलं.

ती सिस्टरकडे बघून म्हणाली, "आम्ही बसतो अजून थोडा वेळ," आणि माझ्या शेजारी परत बसली.